आठवड्याचे किती तास?

डोंबिवलीत किंवा विलेपार्ल्यात एखादी आई मुलीला पेटीच्या क्लासला घालते तेव्हा तिला कुणी विचारत नाही, की यानं शहरातली गुन्हेगारी कमी होईल का. गणितातले मार्क वाढतील का, हेही फारसं कुणी विचारत नाही. मुलीला आवड आहे, घरात कुणी गाणारं होतं, शेजारची जाते म्हणून हीही जाते. एवढं कारण पुरतं. तोच क्लास धारावीत, गोवंडीत किंवा पुण्याच्या जनता वसाहतीत फुकट चालवायचा म्हटलं, की देणगीदार, अधिकारी, पत्रकार सगळे एकच प्रश्न घेऊन उभे राहतात: याचा उपयोग काय? क्लास चालवणारी संस्थाही उत्तर तयार ठेवते. मुलं व्यसनांपासून लांब राहतात, शाळेतली गळती थांबते, मेंदू तल्लख होतो. अहवालात एक आलेख, मुखपृष्ठावर व्हायोलिन धरलेलं हसरं पोर.

हा उपयोगाचा युक्तिवाद करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण त्याच्या पायात बळ कमी आहे. शिवाय ज्या कामाची भलामण करायची, त्याच कामाचं त्यानं नुकसान केलं आहे. उपयोग दाखवायचा म्हणून वर्षभरात निकाल हवा. निकाल डोळ्यांत भरावा म्हणून मुलांचा आकडा मोठा हवा. आकडा मोठा हवा म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याचा एखादाच तास. आठवड्याच्या एका तासात कुणालाही काहीही वाजवता येत नाही. श्रीमंताच्या पोरालाही येत नाही, पण त्याच्या घरी पेटी असते.

आधी उपयोगाचंच बघू. १९९३ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक पानभर टिपण आलं. छत्तीस कॉलेजविद्यार्थ्यांना मोझार्टची दोन पियानोंसाठीची एक रचना दहा मिनिटं ऐकवली, आणि लगेच दिलेल्या आकृत्यांच्या कोड्यांत ते थोडे सरस ठरले. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरतो, असं त्याच टिपणात लिहिलेलं होतं. गाजावाजा झाला तो ओसरण्याचा भाग गाळून. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला शास्त्रीय संगीताची कॅसेट किंवा सीडी देण्यासाठी अर्थसंकल्पात १ लाख ५ हजार डॉलर मागितले. तेवढ्या पैशात दोन-तीन संगीतशिक्षकांचा वर्षाचा पगार निघाला असता.

ऐकणं सोडून शिकण्याकडे वळलं तरी चित्र फार बदलत नाही. जोव्हानी साला आणि फर्नांड गोबे या मानसशास्त्रज्ञांनी २०२० साली मुलांच्या संगीतशिक्षणावरचे ५४ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत जवळजवळ सात हजार मुलं होती. अभ्यासाची रचना जितकी काटेकोर, तितका बुद्धीवरचा आणि गुणांवरचा परिणाम शून्याच्या जवळ, असं त्यांना आढळलं. सगळ्या संशोधकांना हे मान्य नाही, वाद चालू आहे. पण समजा खरं असलं, तर बिघडलं काय? संगीत शिकलेलं मूल संगीतात पुढे जातं. गणितात पुढे जायचं तर गणित शिकावं लागतं. यात संगीताला कमीपणा कसला?

विरुद्ध बाजूचा एक चांगला पुरावा लॉस एंजेलिसमधून येतो. तिथला ‘हार्मनी प्रोजेक्ट’ २००१ साली मार्गारेट मार्टिन यांनी छत्तीस मुलांवर सुरू केला. फी नाही, वाद्य संस्थेचं, आणि मूल शाळा संपेपर्यंत वर्षानुवर्षं टिकावं अशी आखणी. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या नीना क्राउस यांच्या चमूने इथल्या मुलांचा मेंदू ध्वनी कसा टिपतो ते मोजलं आणि २०१४ साली निष्कर्ष छापले. ‘बा’ आणि ‘गा’ अशा जवळच्या उच्चारांमधला फरक या मुलांच्या मेंदूत अधिक स्पष्ट उमटू लागला होता. अभ्यास लहान, चाळीसेक मुलांचा. पण त्यातली एक गोष्ट वर्ग चालवणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावी: फरक दिसला तो दोन वर्षं शिकलेल्या मुलांत. एका वर्षाने काहीही दिसलं नव्हतं.

म्हणजे उपयोगाच्याच मापाने मोजायचं ठरवलं तरी प्रश्न शेवटी तासांवर आणि वर्षांवर येतो.

तासांच्या बाबतीत जगात सगळ्यात मोठी उडी घेतली व्हेनेझुएलाने. १९७५ साली होसे आंतोनियो आब्रेऊ या अर्थतज्ज्ञ संगीतकाराने काराकासमधल्या एका गॅरेजात अकरा मुलांना घेऊन तालीम सुरू केली, अशी ‘एल सिस्तेमा’ची जन्मकथा सांगतात. आब्रेऊ यांना सरकारदरबार उत्तम कळत होता. आपलं काम ही करमणूक नसून समाजकार्य आहे असं म्हणत त्यांनी पैसा आणला तो युवक आणि समाजकल्याणाच्या खात्यांकडून. सरकारं आली-गेली, राजकारणाचा रंग पार पालटला, पैसा चालू राहिला. देशभर केंद्रं उभी राहिली. शाळा सुटली की मूल केंद्रात जातं. रोज तीन-चार तास, आठवड्याचे पाच-सहा दिवस. वाद्य फुकट, आणि फार वाट न पाहता थेट वाद्यवृंदात बसायचं. यातूनच आलेला गुस्ताव्हो दुदामेल २००९ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचा प्रमुख संचालक झाला, आणि मग जगभरचे पाहुणे काराकासला रांगा लावू लागले.

आंतर-अमेरिकी विकास बँकेने या कामाला मोठं कर्ज दिलं. बँकच ती, तिनं हिशेबही मागितला. २०१२ पासून सोळा केंद्रांत २,९१४ मुलांवर अभ्यास झाला: काहींना लगेच प्रवेश, काहींना वर्षभराने, आणि दोघांची तुलना. वर्षाअखेर मुलांचा स्वतःवरचा ताबा थोडा वाढलेला दिसला, वागण्यातल्या तक्रारी थोड्या कमी झाल्या. बुद्धीच्या चाचण्यांत, इतरांशी जोडलं जाण्यात एकंदर फरक दिसला नाही. पण अभ्यासातला खरा धक्का दुसऱ्याच आकड्यात होता. अर्ज केलेल्या मुलांपैकी गरीब घरांतली मुलं होती १६.७ टक्के. त्याच राज्यांत त्याच वयाच्या मुलांमधलं गरिबीचं प्रमाण होतं ४६.५ टक्के.

गरिबांसाठी म्हणून जगभर नावाजलेल्या, पूर्णपणे फुकट असलेल्या वर्गात गरीब कमी आणि खाऊन-पिऊन सुखी असलेले जास्त! यात लबाडी नव्हती. दार सगळ्यांना उघडं होतं. पण उघड्या दारापर्यंत मुलाला रोज कुणी तरी आणावं लागतं, रात्री न्यावं लागतं, अर्ज कधी निघतो ते कळावं लागतं, धाकट्या भावाला सांभाळायला दुसरं कुणी लागतं. दुदामेलचे वडील ट्राँबोन वाजवत आणि आई गाणं शिकवी, हेही या संदर्भात आठवायला हरकत नाही. त्याच अहवालात असंही दिसतं, की ज्या मुलांच्या आया कमी शिकलेल्या होत्या आणि जे मुलगे हिंसा बघत वाढत होते, त्यांच्यावर वर्गाचा परिणाम जास्त झाला. थोडक्यात, ज्यांना सगळ्यात जास्त मिळण्यासारखं होतं ते सगळ्यात कमी आले.

‘एल सिस्तेमा’वर दुसरे आरोपही झाले. ब्रिटिश संशोधक जेफ्री बेकर यांनी २०१४ साली ग्रंथ लिहून त्यातली हुकूमशाही शिस्त आणि सत्तेपुढची लवचीक मान दाखवली. २०१७ साली सरकारविरोधी निदर्शनांत या संस्थेत शिकलेला आर्मांदो कान्यिसालेस हा तरुण व्हिओलावादक मारला गेला; तोवर गप्प असलेल्या दुदामेलने सरकारवर टीका केली आणि त्याच्या राष्ट्रीय युवा वाद्यवृंदाचा अमेरिका दौरा रद्द झाला. २०२१ साली याच संस्थेने ८,५७३ वादक एकत्र बसवून गिनेसचा विक्रम केला. विक्रम सरकारांना आवडतात. तरीही बेकर यांची टीका वाचून सगळं मोडीत काढण्याची घाई करू नये. रोज चार तास शिकलेलं मूल व्हिओला खरोखर वाजवतं. ही साधी गोष्ट जगातल्या शेकडो ‘उपक्रमां’ना साधलेली नाही.

न्यूयॉर्कची गोष्ट पैशाची आहे. ईस्ट हार्लेमच्या सरकारी शाळांमध्ये रॉबर्टा ग्वास्पारी या बाई १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मुलांना व्हायोलिन शिकवत होत्या. १९९१ साली शिक्षणखात्याने काटछाट केली आणि त्यांचं पद गेलं. पालकांनी हातपाय मारले, संस्था उभी केली, आणि १९९३ साली कार्नेगी हॉलमध्ये आयझॅक स्टर्न, इट्झाक पर्लमन अशा दिग्गजांनी या पोरांच्या बरोबरीने वाजवलं. त्यावर माहितीपट झाला, मग १९९९ साली मेरिल स्ट्रीपला घेऊन चित्रपट झाला. सगळं छान. पण एका शिक्षिकेचा पगार चालू ठेवायला पर्लमनला मंचावर यावं लागत असेल, तर शेजारच्या शाळेने काय करावं? जगात पर्लमन एकच आहे.

मराठी वाचकाला याहून जवळचं आणि कितीतरी जुनं उदाहरण आहे, आणि त्याला ‘उपक्रम’ म्हणायचं कुणाला सुचत नाही. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चला लागून पारिश शाळा चालत. गावच्या चर्चने नेमलेला संगीतशिक्षक, मेस्त्रे, मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवी, गळ्यावर सूर बसवी, मग हातात व्हायोलिन देई. फी नव्हती. हेतू सरळ होता: रविवारच्या मिस्साला आणि फेस्ताला गाणारे-वाजवणारे हवेत. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरात पियानो असे. त्याच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराच्या पोराला स्वरलिपी वाचता आली ती या शाळेमुळे. गावोगाव, पिढ्यान् पिढ्या हे चालत राहिलं.

या शाळांनी मोठे एकल कलाकार किती घडवले हा गौण मुद्दा आहे. त्यांनी घडवले ते वाद्यवृंदाच्या दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसून समोरचा कागद वाचत बिनचूक वाजवणारे शेकडो वादक. पोटासाठी ते मुंबईला आले, धोबीतलावच्या आसपासच्या कुडांत, म्हणजे एकेका गावाच्या सामायिक खोल्यांत, राहिले, हॉटेलांतल्या जाझ बँडमध्ये आणि मूकपटांच्या थिएटरात वाजवू लागले. पुढे हिंदी सिनेमाला मोठे वाद्यवृंद हवे झाले तेव्हा मुंबईत ही फौज आयती तयार होती. चाल संगीतकाराला सुचे. तीस-चाळीस वादकांसाठी ती कागदावर उतरवून देणारे बरेचसे गोव्याचे. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम करत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्यासाठी स्वतःचा वाद्यवृंद काढला. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलाल यांनी १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’त त्यांचं नाव देशभर पोचवलं, ते नाव एका खऱ्या शिक्षकाचं आहे हे ऐकणाऱ्या कोट्यवधींना ठाऊक नव्हतं.

गुन्हेगारी कमी व्हावी म्हणून किंवा मेंदूला तकाकी यावी म्हणून मेस्त्रे शिकवत नव्हते. रविवारी चर्चमध्ये बेसूर झालं की गावाला कळायचं, हीच परीक्षा. कामाला रोजचा वेळ होता, ठरलेली जागा होती, शिक्षकाला मानधन होतं, आणि शिकलेलं वाजवायला आठवड्याने प्रसंग होता. त्याची किंमतही होती: दार धर्माच्या चौकटीतून उघडे आणि कोणतं संगीत शिकायचं ते चर्च ठरवी. ही चौकट आज कुणी परत आणू म्हणणार नाही. पण चौकट काढल्यावर ते चार खांब कुणी उभे करायचे, हा प्रश्न राहतोच. पणजीत लुईस डायस या व्हायोलिनवादक डॉक्टरने २००९ साली ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ काढून वंचित मुलांना वाद्यं शिकवायला घेतली आहेत. एका संस्थेच्या बळावर होतं तेवढं ते होतं आहे.

मुंबईच्या वस्त्यांबद्दल बोलताना एक चूक नेहमी होते. तिथे संगीत ‘न्यायचं’ आहे अशी भाषा येते, जणू तिथे शुकशुकाट आहे. शुकशुकाट आणि मुंबईची वस्ती! गिरणगावच्या चाळींत भजनी मंडळं होती, लेझीम होती, कलापथकं होती. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांनी उभं केलेलं लाल बावटा कलापथक याच मातीतलं. नायगावला जन्मलेले विठ्ठल उमप याच वातावरणात कानाने शिकले. आजही एका वस्तीत फेरी मारली तर कव्वाली, भीमगीतं, कोळीगीतं, चर्चचा गायकवृंद आणि गणपतीआधी दोन महिने बँजो पार्टीची तालीम, सगळं पावलापावलावर ऐकू येतं. ताशावर तर्री घेणाऱ्या चौदा वर्षांच्या पोराला लय शिकवायला कुणाची गरज नाही.

त्याच्याकडे नाही ती दुसरीच गोष्ट. तो ताशावर किंवा ऑक्टापॅडवर जे वाजवतो ते त्याला लिहिता येत नाही, दुसऱ्याने लिहिलेलं वाचता येत नाही, आणि हात कुठे चुकतो आहे हे दर आठवड्याला सांगणारं कुणी नाही. सीझन संपला की वाद्य मालकाच्या गोदामात जातं. घर म्हणजे दहा बाय बाराची खोली. पुनर्वसन योजनेच्या इमारतीत गेला तर तीनशे चौरस फूट, पातळ भिंती, आणि खालच्या-वरच्या मजल्यावर रात्रपाळी करून झोपलेली माणसं. चाळीच्या गॅलरीत तबला घेऊन बसता येत असे. नव्या टॉवरच्या अंधाऱ्या पॅसेजमध्ये तासाभरात तक्रार येते.

धारावीत ‘द धारावी ड्रीम प्रोजेक्ट’ गेली दहाएक वर्षं शाळेनंतरचं हिपहॉप शिकवतं: रॅप, बीटबॉक्सिंग, ब्रेकडान्स, सगळं मोफत. तिथून खरे कलाकार निघाले आहेत आणि २०१९ च्या ‘गली बॉय’नंतर या वस्त्यांच्या आवाजाला बाजारही मिळाला. मुलांनी स्वतः निवडलेलं संगीत आहे, त्याबद्दल नाक मुरडण्याचं कारण नाही. फक्त एक शंका नोंदवून ठेवावी. रॅपला वाद्य लागत नाही, तोंड पुरतं. देणगीदाराला हे फार परवडतं. गरिबाच्या पोराने तोंडाने वाजवावं, प्लास्टिकच्या पिंपावर वाजवावं, डब्यांवर वाजवावं आणि त्याचा व्हिडिओ व्हायरल व्हावा, याची आपल्याला चटक लागली आहे. पॅराग्वेतल्या काटेउराच्या कचराभूमीशेजारी फाव्हिओ चावेस यांनी मुलांसाठी टाकाऊ वस्तूंची व्हायोलिनं आणि चेलो बनवून घेतले, कारण खरी वाद्यं महाग होती आणि घरात ठेवणं धोक्याचं होतं. ती निकड होती. बाकीच्या जगाने त्या तेलाच्या डब्याच्या चेलोवर असं काही प्रेम केलं, की मुलाला खरा चेलो मिळावा हे म्हणायचंच राहिलं.

कोणतं संगीत, या प्रश्नाला महाराष्ट्रात आणखी एक पदर आहे आणि तो बहुतेक अहवालांत सापडत नाही. हलगी, संबळ, सनई वाजवणं इथे अनेक घरांसाठी हौस नव्हतं, जातीने लादलेलं काम होतं. बाबासाहेबांच्या हाकेनंतर गावकीची कामं सोडताना पुष्कळांनी दुसऱ्याच्या दारात वाजवणंही सोडलं, आणि त्याच वेळी आंबेडकरी जलशांनी गाणं हे स्वतःचं हत्यार केलं. या इतिहासातून आलेल्या वस्तीत कुणी शहरी कार्यकर्ता ‘तुमची लोकवाद्यं जपू या’ म्हणत हलगी घेऊन गेला, तर एखाद्या आजोबांच्या कपाळावर आठी पडणं स्वाभाविक आहे. नातवाला कदाचित गिटारच हवी असेल. किंवा सतार. उलट एखादीला हलगीच अभिमानाने शिकायची असेल. ठरवायचं तिनं. निवड खरी असायला हवी असेल, तर वर्गात एकाहून जास्त वाद्यं लागतात, म्हणजे पुन्हा पैसे.

वर्गाच्या आत काय होतं ते एकदा जवळून बघावं. महापालिकेच्या शाळेतली एक खोली, संध्याकाळी सहा ते सात, वीस मुलं, दोन पेट्या. बाई ‘सा’ धरतात. मुलं पेटीभोवती कोंडाळं करतात. एकाची बोटं पट्ट्यांवर, दुसऱ्याचा हात भात्यावर, बाकीची बघतात, ढकलतात, हसतात. साठ मिनिटं, वीस मुलं, दोन पेट्या: प्रत्येकाच्या बोटांना सहा मिनिटं. वर्षाचे चाळीस आठवडे धरले तर चार तास. व्हेनेझुएलातलं मूल तेवढं एका-दोन दिवसांत वाजवतं. त्यात जुलैत तबला उतरतो, ओलसर हवेत पुडी ढिली पडते, गट्ठे ठोकून ठोकून चढवण्यात दहा मिनिटं जातात. शाई उडाली की पुडी बदलायची, आणि त्याचे पैसे कुठल्या खात्यातून हे कुणाला माहीत नसतं. बाईंना पुढची शिकवणी घाटकोपरला साडेसातला. दिवाळीनंतर बाई दुसऱ्या नोकरीला लागतात. नव्या येतात आणि ‘सा’पासून सुरू करतात. तीन वर्षांनी ही मुलं प्रजासत्ताक दिनाला तेच स्वागतगीत म्हणत असतात. संस्थेच्या अहवालात मात्र ‘लाभार्थी मुले’ या रकान्यात वीसचा आकडा भरलेला असतो.

एकदा पाच मुलांना प्रत्येकी एक पेटी घरी देऊन, आठवड्यातून चार दिवस, तीन वर्षं शिकवलं तर रकान्यात पाच येतील. आजच्या रिवाजात असा प्रस्ताव कुणी मंजूर करणार नाही. करायला हवा.

सरकारचं या बाबतीतलं वागणं मजेशीर आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या, शंभराहून जास्त मुलांच्या शाळेला कलाशिक्षणासाठी अर्धवेळ शिक्षक असावा असं लिहिलेलं आहे. म्हणजे कायद्यालाही कला अर्धवेळच हवी आहे. महाराष्ट्रात या जागांवर अंशकालीन निदेशक म्हणून मानधनावर नेमलेल्यांची कहाणी स्वतंत्र लेखाची आहे. दुसरीकडे राज्य सरकार दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय संगीताच्या मान्य परीक्षा दिलेल्यांना वाढीव गुण देतं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या चढायला काही वर्षं खासगी क्लासला जावं लागतं. फी, परीक्षा शुल्क, घरी वाद्य. म्हणजे जे राज्य स्वतः शिकवत नाही त्याचे गुण देतं, आणि ते जातात ज्याच्या घरी आधीच पेटी आहे त्याच्याकडे. अकरावीच्या प्रवेशाला एकेक गुण मोलाचा असताना ही सवलत गोवंडीतल्या मुलीला किती क्रमांक मागे ढकलते, याचा विचार निर्णय घेताना झालेला दिसत नाही. गुण काढून टाका असं म्हणणं नाही. गुण द्यायचे तर शिकवायची जबाबदारीही घ्या, एवढंच.

आधी पाणी, मग संडास, मग पेटी, हा आक्षेप जुना आहे आणि ऐकताना शहाणपणाचा वाटतो. पण तो नेहमी एकाच दिशेने चालतो. रस्त्यांच्या सुशोभीकरणाच्या वेळी, रोषणाईच्या वेळी, महोत्सवांच्या वेळी कुणी आधी पाणी म्हणत नाही. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. एवढ्या रकमेत पाणी की पेटी ही निवड करावी लागत असेल, तर चूक पेटीकडे नाही. याच शहराने अभ्यासिका ही वस्तीची गरज म्हणून मान्य केली आहे: घरात जागा नाही, गोंगाट आहे, म्हणून मुलांना बसायला सार्वजनिक खोली. रियाजाला लागते तीही अशीच खोली. फरक इतकाच की अभ्यासिकेतल्या मुलाकडून आवाज नको असतो आणि इथल्याकडून हवा असतो.

दानावर सगळं सोडलं तर काय होतं, याचा धडा मराठी माणसानेच घालून दिला आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्या उपदेशक वर्गातल्या विद्यार्थ्यांच्या शिकण्याचाच नाही, तर राहण्या-जेवण्याचाही भार संस्था उचलत असे. बदल्यात त्यांनी पुढे शिकवायचं. संगीत घराण्यांच्या बंद दारांमागून बाहेर आलं त्यात या वर्गाचा वाटा फार मोठा. खर्च चाले तो पलुस्करांच्या जलशांच्या उत्पन्नावर आणि देणग्यांवर. १९०८ साली ते मुंबईत आले, पुढे इमारत बांधली, कर्ज झालं, आणि १९२० च्या दशकात ती कर्जापायी हातची गेली. शिष्यांनी १९३१ साली गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापून काम पुढे नेलं. पण विस्तारलं ते परीक्षा घेण्याचं काम. परीक्षा शुल्कावर संस्था चालते. फुकट शिकवण्यावर चालत नाही, त्याला कुणी तरी पाठीशी लागतं.

आज हे कुणी करायचं ठरवलं तर सुरुवातीला नवी इमारत लागणार नाही, परदेशी सल्लागार लागणार नाहीत. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी रिकाम्या होतात. एका वॉर्डात दोन शाळांच्या दोन-दोन खोल्या रात्री नऊपर्यंत उघड्या ठेवायच्या, म्हणजे रखवालदाराच्या पाळीची सोय करायची आणि खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या मर्जीवर न ठेवता वर्गाच्या नावावर ठेवायची. वाद्यं ग्रंथालयातल्या पुस्तकासारखी नोंद करून घरी द्यायची. काही हरवतील, काही मोडतील, तेवढी तूट आधीच धरायची. दुरुस्तीसाठी एका वाद्य कारागिराशी वर्षाचा करार करायचा. मुलं येण्याची वाट न बघता अंगणवाडीताई आणि आशाताईंकडून घरं कळून घ्यायची, कारण अर्ज मागवले की कोण येतं ते व्हेनेझुएलाने दाखवलं आहे. मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन आली तर भावालाही आत बसू द्यायचं.

शिक्षकांची वाण नाही. विशारद झालेली कितीतरी मुलं-मुली मुंबई, ठाणे, कल्याण पट्ट्यात तासावर शिकवण्या करत लोकलने फिरतात. बँजो पार्टीतले उत्तम वादक सीझन सोडून टेम्पो चालवतात. दोघांना एकाच वर्गात नेमता येईल, आणि दोघं एकमेकांकडून थोडं शिकतीलही. पण तासावर नेमलं तर ती दिवाळीनंतर सोडून जाणार आणि तो गणपतीत गायब होणार. लॉस एंजेलिसमध्ये फरक दिसायला दोन वर्षं लागली. इथल्या मुलांना दुसऱ्या वर्षी तीच बाई समोर हवी असेल, तर तिचा पगार महिन्यावर ठरवावा लागेल, बारा महिन्यांचा, मे महिना धरून.